सुपातली टोरी

माझ्या घराची खूण म्हणजे जाळ्याचं शिसं. बापाच्या जुन्या जाळ्याच्या घेरातून काढलेलं, बोटाच्या पेराएवढं, मधून भोक असलेलं. आमच्या टोलीत, म्हणजे वस्तीत, प्रत्येक घराची अशी एक खूण असते. कुणाची कवडी, कुणाचं पितळी बटण, कुणाचा घासून गोल केलेला कौलाचा तुकडा. ती चुलीजवळच्या कोनाड्यात पडून असते आणि वर्षातून एकदाच बाहेर निघते, पाणी उतरल्यावर, गाळाच्या वाटणीच्या दिवशी.

अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या एका धरणाच्या पाण्यात आमची टोली आहे. धरण भरलं तेव्हा खालचं मूळ गाव बुडालं आणि टेकाडावरची मूठभर घरं तेवढी वर राहिली. सरकारने काठावर जागा दिली होती. बरेच जण तिकडे गेले. आमचे आजे गेले नाहीत, कारण मासे पाण्यात होते आणि काठावरच्या जागेत मुरूम होता. तेव्हापासून आमच्या चारी बाजूंना पाणी. मीठ आणायचं तर डोंगा, दवाखान्यात जायचं तर डोंगा, नवरी आणायची तर डोंगा. चौथीनंतरची शाळा काठापलीकडे. पावसाळ्यात वारा सुटला की दिवस दिवस कुणी हलत नाही आणि ओल भिंतीतून अंथरुणात येते. ज्याचे हातपाय चालतात तो नागपूर नाहीतर रायपूर धरतो. मीही बाहेरच पडलो, पण फार लांब गेलो नाही. तालुक्याच्या बाजारात माझं गल्ल्याचं दुकान आहे. तूर, लाखोरी, जवस, हरभरा घेतो आणि गोंदियाच्या मोठ्या व्यापाऱ्यांना विकतो. त्यांच्याशी हिंदीत भांडतो, शेतकऱ्यांशी आपल्या बोलीत. दोन्हीकडे माझी ख्याती सारखीच आहे. माझा आवाज समोरच्या पानठेल्यापर्यंत ऐकू जातो, असं बायको म्हणते. या दुकानातली एकही वीट कुणी मला दिलेली नाही.

पौषात पाणी उतरायला लागलं की टेकाडाच्या उगवतीला काळा गाळ उघडा पडतो. त्यात नांगर नको, खत नको. बी टाकलं की उगवतं. लाखोरी, वाल, पाण्याच्या कडेला टरबूज. जमीन धरणाची, म्हणजे कागदावर टोलीतल्या कुणाचीच नाही, म्हणून तिची वाटणी टोलीनेच करायची. डोंग्याच्या बांबूने पट्ट्या मोजायच्या, सगळ्यांच्या खुणा एका सुपात टाकायच्या, वर फडकं धरून सूप हलवायचं आणि पंचांतल्या थोरल्या बाबांनी फडक्याखाली हात घालून एकेक खूण काढत पट्टीच्या तोंडाशी ठेवत जायचं. जी खूण जिथे पडली ती पट्टी त्या वर्षापुरती त्या घरची.

नियम एकच होता. पावसाळाभर ज्या घरात चूल पेटली, त्याच घराची खूण सुपात पडणार. ज्याने ओल सोसली त्याने गाळ खावा, एवढाच त्याचा अर्थ. आणि कुणाची चूल पेटली, कुणाची नाही, हे सांगायचं काम डोंगा चालवणाऱ्याचं. तिच्या डोंग्याशिवाय कुणी आत येत नाही की बाहेर जात नाही, मग तिच्याएवढी साक्ष कुणाची?

तिच्या म्हणतो, कारण मला कळायला लागल्यापासून डोंगा मावशीच्याच हातात होता. ती माझी नात्याची कुणी नव्हे. तिचा नवरा डोंगा चालवायला दुसऱ्या गावाहून आलेला. त्याला स्वतःची जागा नव्हती, म्हणून एका घराने मागच्या सांदवाडीत झोपडी बांधू दिली. तो तापाने गेला तेव्हा डोंगा कोण चालवणार, असं टोलीत बोलणं सुरू झालं आणि बोलणं संपायच्या आत मावशी बांबू उचलून काठावर जाऊन उभी राहिली. माझी आई धानाचे परे लावायला दुसऱ्यांच्या बांध्यांत जायची. ती परत येईपर्यंत मी मावशीच्या चुलीपाशी जेवायचो. आमच्याच तालुक्यातल्या प्रतापगडच्या जत्रेत उकडलेल्या शिंगाड्यांची टोपली घेऊन ती मला बरोबर न्यायची. सौदा मी तिथेच शिकलो. गिऱ्हाइकाने भाव पाडून मागितला की मी लगेच तोंड उघडायचो आणि ती माझ्या मांडीला चिमटा काढायची.

"भाव सांगून टाकला न? मंग चूप बस. ज्याले घाई आहे थो बोलते."

एवढ्या एका शिकवणीवर मी दुकान उभं केलं.

आई वारल्यावर घराला कुलूप लावून मी तालुक्याला आलो. पहिल्याच वर्षी वाटणीच्या दिवशी मी शिसं खिशात घालून टोलीवर गेलो. मला वाटलं होतं, आपलंच गाव आहे. सूप मावशीच्या हातात होतं. मी शिसं टाकलं. बाबांनी तिच्याकडे पाहिलं. तिने सुपात हात घातला, शिसं उचललं आणि माझ्या तळहातावर ठेवलं.

"तुया घरचा धूर यंदा दिसला नाई, बाबू," ती म्हणाली.

सगळे पाहत होते. कुणीतरी हसलं. मावशीने माझी बोटं मिटवली, शिशावर, जसं लहान पोराच्या हातात बोर ठेवून मूठ मिटवतात तसं. तिच्या मनात त्यात माया असेल. मला ते हाकलून लावल्यासारखं वाटलं. माझ्या बापाच्या जाळ्याचं शिसं, माझ्या आईने त्याच टोलीत जीव सोडला, आणि मला गावात हक्क नाही? तिच्या डोंग्यातून परत येताना मी एकदाही तिच्याकडे पाहिलं नाही. तो सल मी बरीच वर्षं बाळगला. अजूनही तो पूर्ण गेलेला नाही, हे मला कबूल केलं पाहिजे.

मागच्याच्या मागच्या वर्षी मी ठरवलं की हा नियम मोडायचा.

मी तो रागाने मोडला असता तर गोष्ट सोपी होती. मी तो धंद्यासारखा मोडला. आधी नागपूरला गेलेल्यांना फोन केले, मग रायपूरवाल्यांना. टोलीतल्या म्हाताऱ्यांना एकेकाच्या ओट्यावर बसून विचारलं, तुमच्या पोराने वर्षातून एकदा तरी घरी यावं असं वाटते की नाही? मग त्याचा जीव इथे कशात तरी अडकायला पाहिजे. चुलीच्या धुरावर हक्क ठेवाल तर ओल सोसणारी म्हातारी माणसं तेवढी उरतील आणि तीही संपतील. घर ज्याच्या नावावर, घरटॅक्स जो भरतो, त्याची पट्टी करा. मग बघा, सगळे येतात की नाही.

हे बोलणं खोटं नव्हतं. आजही कुणी माझ्याशी वाद घातला तर मी हेच बोलेन.

पिंपळाखाली बैठक झाली. थोरल्या बाबांना पटत नव्हतं. "मंग डोंग्यावालीची साक्ष कायले पायजे?" त्यांनी विचारलं.

"नाहीच पायजे," मी म्हणालो. "कागद आहे न. चुलीचा धूर कोन मोजते बाबा, आजच्या जमान्यात?"

लोक हसले. मावशीही तिथेच होती, पारावर नव्हे, खाली, बांबू आडवा ठेवून. तीही हसली असं मला आठवतं. माझं बोलणं तिला आवडायचं. तिनेच शिकवलेला पोरगा पंचांना गप्प करत होता. त्या घडीला माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती, की या वेळी हिला माझं शिसं परत देता येणार नाही.

वाटणीच्या दिवशी टोली फुलली. नागपूरवाले आले, रायपूरवाले आले, कुणी बायकापोरांसह, कुणी नवा मोबाईल घेऊन. सकाळपासून मावशी डोंगा हाकत होती. खेप सोडायची, परत यायचं, पुन्हा खेप. मीही तिच्याच डोंग्यातून आलो. घामाने तिचं पोलकं पाठीला चिकटलं होतं आणि ती एकेकाला नावाने हाक मारून विचारत होती, "आलास का गा? माय खुश होईल." किती दिवसांनी टोलीला माणसं दिसत होती! मला माझाच अभिमान वाटला.

मग सूप निघालं. बटण पडलं, कवडी पडली, माझं शिसं पडलं आणि कुणी ते उचललं नाही. मावशीने पदराच्या गाठीतून तिची खूण काढली. तिची खूण म्हणजे मोहाची बी, जिला आम्ही टोरी म्हणतो. कोनाड्यात न ठेवता कायम पदराच्या गाठीत बाळगल्याने ती तेल पाजल्यासारखी चमकत होती. तिने ती सुपात टाकली.

ज्याच्या सांदवाडीत तिची झोपडी होती, त्या घरचा पोरगा नागपूरहून आला होता. त्याने विचारलं, "मावशी, तुझं घर कोणाच्या नावाने आहे गं?"

त्याच्या आवाजात खवचटपणा नव्हता. खरंच विचारत होता. मावशी म्हणाली, "कोनाच्या म्हंजे? माया."

"म्हणजे कागदावर. टॅक्स तर आमच्याच घराचा येतो न, सांदवाडी धरून."

मला शपथेवर विचारा, त्या क्षणापर्यंत ही गोष्ट माझ्या मनात आली नव्हती. कुणाच्याच आली नव्हती. मावशीची चूल म्हणजे टोलीतली कधी न विझणारी चूल, पहाटेच्या पहिल्या खेपेआधी पेटणारी. तिला कागद नाही, हे आमच्यापैकी कुणाला सुचलं नाही, कारण आमच्या टोलीत कागद आजपर्यंत कुणी विचारलाच नव्हता. तो मी आणला.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "आता कसं करता गा?"

मला एवढंच म्हणायचं होतं की मावशीचं वेगळं आहे. पण तेवढ्यात रायपूरवाल्या दोघा भावांनी विचारलं, मग आमच्या बहिणीचंही वेगळं आहे का? मग आमच्या काकाचं? मी सौदेबाज माणूस. एक सूट दिली की अख्खा भाव कोसळतो, हे माझ्या रक्तातच आहे. एक सूट दिली असती तर चुलीचा धूर परत आला असता आणि धुराबरोबर माझं शिसं परत माझ्या हातात आलं असतं. मी शिंगाड्याच्या टोपलीपाशी बसल्यासारखा चूप बसलो.

या वेळी सुपातून टोरी काढायला कुणाचा हात पुढे होईना. शेवटी मावशीनेच ती उचलली आणि पदराला गाठ मारली.

"चाला, बांबू धरा," ती म्हणाली. "उन्ह चढून रायलं."

तिने त्या दिवशी सगळ्यांच्या पट्ट्या मोजून दिल्या. माझं शिसं पाण्याच्या कडेच्या पट्टीवर पडलं, सगळ्यांत काळा गाळ.

त्या गाळातल्या लाखोरीवर तिचं वर्ष निघत होतं. डोंग्याचा मोबदला म्हणून सुगीला प्रत्येक घराकडून सूपभर दाणा मिळे, पण बाहेरचे आले, पट्टी कुणाला तरी कसायला देऊन निघून गेले आणि दाणा मागायचा कुणाकडे, हेच तिला कळेना. हे मला नंतर कळलं. पेरणीच्या आधी मी तिला भेटायला गेलो. काठावर हाक दिली, ती आली, मी बसलो आणि पाण्यावर आल्यावर म्हणालो, "मावशी, माझी पट्टी तू घे. मला काय करायची?"

"मंग घेतली कायले?"

बांबू पाण्यात जात होता, वर येत होता.

"घे न. सगळं पीक तुझं."

"फुकटचं मले नोको. अर्ध्यानं करीन. अर्धं तुयं, अर्धं मायं."

"अर्धं कशाला? मला दाण्याची कमी आहे का? एक पायली पाठव, शकुनाची."

ती काही बोलली नाही.

"बरं, दोन पायल्या."

तिने बांबू डोंग्यात आडवा ठेवला आणि बसली. वारा नव्हता. डोंगा मधोमध थांबला. एकीकडे टोली, एकीकडे काठ, लांबवर प्रतापगडचा डोंगर. ती पदराने तोंड पुसत बसली, जणू आम्ही विसाव्याला थांबलो होतो.

मग मी चिडलो. म्हणालो, तुला अक्कल आहे का? माणूस कमी मागून रायला आणि तू जास्त देऊन रायली! असा सौदा कुठे असतो? काठावरचा म्हशीवाला उभा राहून पाहायला लागला, एवढा मी ओरडलो. पाणकोंबड्या उडाल्या.

"कायले चिल्लावून रायला गा," ती म्हणाली. "मले घाई नाई."

आणि मग मला कळलं की मी कोणाशी सौदा करतोय. शेवटी मी अर्ध्याला हो म्हणालो. तिने बांबू उचलला. आयुष्यात पहिल्यांदा मी जास्त घ्यायला कबूल झालो होतो.

त्या वर्षी तिच्याकडून पोतं आलं. काठावरून जीपवाल्याच्या हाती, तोंड हिरव्या जाळ्याच्या दोऱ्याने शिवलेलं. लाखोरी निवडलेली, खडा नाही, कोंडा नाही. मी ते तसंच कोपऱ्यात ठेवलं.

गेल्या वर्षी वाटणी झाल्यावर बैठकीत मी उभा राहिलो आणि म्हणालो, चुलीचा नियम परत आणा, नाहीतर निदान डोंगा चालवणाऱ्या घराची खूण नियमाने सुपात घ्या. मी रागावलो, समजावलं, हात जोडले. सगळे माझ्याकडे असे पाहत होते जसं मी दिलेला माल परत मागतोय. नागपूरवाल्या पोराने हसत म्हटलं, "चुलीचा धूर कोण मोजते भाऊ? तूच तर म्हणला होतास." बाकीचेही हसले. मी तोच विनोद केला होता तेव्हा जेवढे हसले होते तेवढेच.

थोरले बाबा तेवढे म्हणाले, "खूण कोन्ती टाकाची, थे ज्याच्या त्याच्या घरचं काम. त्याच्यात आपन पडत नाई." मग मान खाली घालून तंबाखू मळत बसले. तेव्हा मला ते कोरडं उत्तर वाटलं. परत येताना डोंग्यात त्याचा अर्थ लागला.

यंदा वाटणीच्या सकाळी मी मावशीच्या झोपडीत गेलो आणि म्हणालो, तुझी टोरी दे. तिने कशाला विचारलं नाही. गाठ सोडून दिली. मी शिसं खिशात ठेवलं आणि सुपात टोरी टाकली. बाबांचा हात फडक्याखाली गेला, टोरी बाहेर आली. त्यांनी ती उन्हात धरून पाहिली.

"हे कोनाच्या घरची?"

"माझ्या," मी म्हणालो. "मी खूण बदलली."

नागपूरवाल्याने बाबांकडे पाहिलं. पण खूण ज्याच्या त्याच्या घरचं काम, हे त्यांनीच सांगितलं होतं. बाबांनी टोरी पट्टीच्या तोंडाशी ठेवली. मावशी बांबू घेऊन उभी होती. ती टोरीकडे बघत राहिली, मग बांबू आडवा टाकून पट्टी मोजायला लागली. मला वाटलं, झालं. परतीच्या डोंग्यात मी पोरासारखा बडबडत होतो.

होळीनंतर पोतं आलं. हिरवा दोरा, निवडलेली लाखोरी, बरोबर अर्धी.

मी जीपवाल्याला फोन करून तिला काठावर बोलावून घेतलं आणि त्याच्याच फोनवर तिच्यावर ओरडलो की खूण तुझी आहे, आता हे कशाला?

"खूण माई आहे," ती म्हणाली. "पट्टी तुयीच आहे न बाबू. कागद तुया घरचा." आवाजात टोमणा नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं. मग विचारलं, "पोटाची आग कमी झाली का तुयी? तिखट कमी खात जा."

पोतं दुकानाच्या तोंडाशीच आहे. आत नेलं नाही, उघडलं नाही. आज सकाळी गोंदियाचा एक व्यापारी आला, त्याने दोऱ्याच्या फटीतून बोट घालून चार दाणे काढले, दातांखाली फोडले आणि म्हणाला, "सेठ, माल तो एकदम साफ है. भाव बोलो."

मी गप्प राहिलो. त्याला घाई होती. त्याने स्वतःच भाव सांगितला, चांगला सांगितला. मी गप्प. त्याने वाढवला. मी तसाच. त्याला वाटलं मी ताणतोय, म्हणून त्याने आणखी वाढवला आणि माझ्या पाठीवर थाप मारली.

"बिकाऊ नहीं है," मी म्हणालो, इतक्या जोराने की समोरच्या पानठेल्यावरची माणसं वळून पाहू लागली.